आधी पट्टा आणि भट्टी, घण नंतर: चाकू-सुऱ्यांच्या गाळ्यासाठी यंत्रं

प्रश्न थोडक्यात असा: भांडुपला तळमजल्यावर १५ बाय २० फुटांचा गाळा आहे, वीज सध्या सिंगल फेज, काम मुख्यतः स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचं आणि जोडीला ट्रेकला न्यायच्या चाकूंचं. हात आखडता घ्यायचा नाही असं ठरवलं, तर यंत्रं कुठली घ्यावीत? सोबतच्या यादीत सगळ्यात वर पॉवर हॅमर, मग ऐरण, हायड्रॉलिक प्रेस, सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कापायचं यंत्र) आणि तळाशी ‘एक बेल्ट ग्राइंडर, एक भट्टी’.

ही यादी खालून वर वाचा. तीन मिलिमीटरच्या पट्टीतून कापून आणि घासूनही उत्तम सुरी होते, तिला घणाचा एक घावही लागत नाही. घासणं आणि पाणी देणं, म्हणजे पोलाद लाल तापवून तेलात वगैरे झटकन थंड करून कडक करणं, मात्र कुणालाच चुकलेलं नाही. गाळ्यातला बहुतेक वेळ ग्राइंडरपाशी जाणार आणि पातं धार धरणार की नाही हे भट्टीत ठरणार. पैसा आधी या दोन ठिकाणी घाला, आणि त्यांना लागणाऱ्या वीज-हवेवर.

ग्राइंडर २ बाय ७२ चाच, म्हणजे २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्ट्याचा. चाकू बनवणाऱ्यांत हेच माप रूढ आहे, त्यामुळे सिरॅमिकपासून स्कॉच-ब्राइटपर्यंत हवा तो पट्टा या मापात मिळतो. मोटर २ एचपी, थ्री फेज, चार पोल, पूर्ण बंद बॉडीची. तिच्यापुढे व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज करून वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. वेगाचा हिशेब सोपा आहे. १४४० आरपीएमच्या मोटरवर ५ इंची ड्राइव्ह व्हील लावलं की ५० हर्ट्झला पट्टा सेकंदाला साधारण ९.६ मीटर धावतो. १०० हर्ट्झला दुप्पट. सिरॅमिक पट्ट्याने माल काढताना १५ ते १८ मीटर हवेत. मूठ घासताना आणि शेवटच्या बारीक पट्ट्यांना ३-४ मीटर पुरतात. मात्र १५-२० हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका, मोटरचा पंखाही तेवढाच हळू फिरतो आणि मोटर तापते.

मोटर घेताना दुकानातच टर्मिनल बॉक्स उघडून बघा. आपल्याकडे २ एचपीची मोटर बहुधा ४१५ व्होल्टची, स्टारमध्ये जोडलेली असते. सहा टोकं बाहेर आणलेली असली तर पत्र्या बदलून ती डेल्टात जोडता येते आणि सिंगल फेज ड्राइव्हच्या २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. स्टारचा जोड आतच करून तीनच टोकं बाहेर काढली असतील तर ती मोटर नको. २३० व्होल्टवर तिचा टॉर्क जवळपास एक तृतीयांश उरतो: रिकामी छान फिरते, पातं टेकवलं की बसते. ‘ड्राइव्ह खराब आहे’ म्हणून परत जाणाऱ्या कित्येक ड्राइव्हचं मूळ दुखणं हेच असतं.

ड्राइव्ह पूर्ण बंद पेटीतला, आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा घ्या. पोलादाची धूळ वीज वाहते आणि उघड्या ड्राइव्हच्या पंख्यातून थेट सर्किटवर बसते. साधा ड्राइव्ह घेतलाच तर भिंतीपलीकडे किंवा बंद पॅनेलमध्ये ठेवा. मोटर आणि ड्राइव्हच्या मध्ये स्विच किंवा कॉन्टॅक्टर (विजेनेच चालू-बंद होणारा मोठा स्विच) कधीही लावू नका. चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करायचं. उलटी दिशा मिळते का तेही पाहा, डिस्क लावल्यावर कामी येते.

सांगाडा तयार घेता येतो, पण मुंबईत बनवून घेणंही अवघड नाही. १० ते १२ मिमीच्या प्लेटचे भाग लेझरवर कापून मिळतात, चाकं चांगला टर्नर अॅल्युमिनियममध्ये काढून देतो. बेअरिंग ६२०३, दोन्ही बाजूंनी रबर सीलची. नुसत्या पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये धूळ शिरते. २ एचपी मोटरचा शाफ्ट २४ मिमी आणि चावी ८ मिमी असते, ड्राइव्ह व्हीलचं बोअर त्याच मापाचं अचूक हवं. चाक बसवल्यावर डायल गेज लावून फिरवा. काटा ०.०५ मिमीच्या वर हलला तर चाक परत लेथवर, नाहीतर पात्यावर आडव्या लाटा उमटतात आणि दोष हाताला दिला जातो. ट्रॅकिंगच्या, म्हणजे पट्टा जागेवर राखणाऱ्या चाकाला मधोमध किंचित फुगवटा लागतो, बाकीची चाकं सपाट चालतात.

स्वयंपाकाच्या सुऱ्या सपाट घासायच्या असल्याने खरं काम प्लॅटनवर, म्हणजे पट्ट्यामागच्या सपाट पाटीवर होतं. लोखंडी प्लॅटन काही महिन्यांत मधोमध झिजून खोलगट होते आणि मग कितीही जपलं तरी पातं सपाट येत नाही. त्यावर सिरॅमिक काच चिकटवा. चिकटवण इपॉक्सीचं असतं आणि उष्णतेने सुटतं, म्हणून काचेच्या खालच्या कडेला पट्टीचा ओठ ठेवा, म्हणजे गोंद सुटला तरी काच पायावर येणार नाही. १० इंची रबर कॉन्टॅक्ट व्हील महाग असतं. खोलगट घासणी करायची नसेल तर ते दुसऱ्या वर्षी घ्या. मुठीच्या वळणांसाठी छोट्या चाकांचा संच मात्र लगेच हवा.

पट्ट्यांत ३६, ६० आणि १२० नंबरचे सिरॅमिक, त्यापुढे बारीक. बोथट पट्ट्यावर काटकसर करू नका. तो कापत नाही, नुसता घासतो आणि पातं तापवतो. पाणी दिलेलं पातं उघड्या हाताने धरून घासायचं: बोटाला चटका बसायला लागला की बादलीत बुडवायचं. हातमोजे घातले तर तापमान कळत नाही, शिवाय पट्ट्यात अडकण्याचा धोका. धारेजवळ पोलाद निळं पडलं तर तिथली कडकपणाची कमाई गेली, आणि तो भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.

आता भट्टी. गॅसच्या भट्टीत रंग बघून आणि लोहचुंबक लावून पाणी देता येतं, गावोगावचे लोहार विळे-कोयते तसेच बनवतात. पण चुंबक ७७० अंशांच्या आसपास सुटतं. ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादाला ८१५ ते ८४५ अंश लागतात आणि त्या तापमानावर साधारण दहा मिनिटं थांबावं लागतं. गाळ्याच्या ट्यूबलाइटखाली ८२० आणि ८७० चा फरक डोळ्याला कळत नाही, पोलादाच्या आतल्या दाण्याला कळतो. म्हणून विजेची मफल भट्टी, म्हणजे कॉइलने तापणारी बंद पेटी.

आतलं माप निदान ४५० मिमी खोल, १५० रुंद, १५० उंच. १० इंची शेफ सुरी मुठीत जाणाऱ्या शेपटासकट त्यात तिरकी न करता बसते. सुमारे ३.५ किलोवॉटची कॉइल पुरे, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास १५ ओहम. कँथल ए-१ या भट्टीच्या तारेची १.६ मिमीची तार घेतली तर सुमारे २१ मीटर लागते, २ मिमीची घेतली तर ३३ मीटरच्या आसपास. दुसरी घ्या. तारेच्या पृष्ठभागावर वॉटचा भार जवळपास निम्मा होतो आणि कॉइल कितीतरी जास्त टिकते. भट्टी बनवून देणारे पहिली सुचवतील, कारण ती खोबणीत सहज मावते.

भट्टीत सगळ्यात जास्त घोळ थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या जोडणीत होतो. के टाइप थर्मोकपलपासून तापमान राखणाऱ्या पीआयडी कंट्रोलरपर्यंत के टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल हवी. इलेक्ट्रिशियन हाताला लागेल ती तांब्याची वायर जोडतो आणि आकडे दिसतात म्हणून सगळे खूश. पण भट्टीच्या मागचा जोड ७० अंश तापलेला आणि कंट्रोलरचं टर्मिनल ३५ अंशांवर असेल, तर कंट्रोलर खऱ्यापेक्षा सुमारे ३५ अंश कमी दाखवतो. तुम्ही ८२५ लावता, आत ८६० होतात. ईएन ३१ चा दाणा मोठा होतो, पातं तुकतुकीत पण ठिसूळ निघतं, आणि शिव्या पोलादवाल्याला बसतात. थर्मोकपलचं टोक पात्याच्या जवळ, कॉइलपासून दूर, भिंतीतून निदान एक इंच आत हवं. तपासायला एक जुनी युक्ती आहे: स्टीलच्या चिमुकल्या वाटीत चिमूटभर शुद्ध मीठ ठेवून हळूहळू तापमान वाढवा. मीठ ८०१ अंशांना वितळतं. कंट्रोलर तेव्हा काय दाखवतो ते लिहून ठेवा आणि वाटी लगेच बाहेर काढा, मिठाची वाफ कॉइलला चांगली नाही.

दुसरी गोष्ट एसएसआरची. कॉइल चालू-बंद करणारा हा इलेक्ट्रॉनिक रिले बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन कायम चालू राहतो. कंट्रोलर ‘बंद कर’ म्हणत राहतो आणि भट्टी तापतच जाते. म्हणून एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर, आणि तो तोडणारा वेगळा ओव्हर-टेम्परेचर कंट्रोलर स्वतंत्र थर्मोकपलसह. दाराला लिमिट स्विच लावून तोही याच कॉन्टॅक्टरला जोडा, म्हणजे दार उघडल्यावर कॉइलमध्ये वीज राहत नाही. चिमटा कॉइलला लागण्याची भीती खरीच असते. विकत घ्यायच्या भट्टीत हे नसेल तर लावून मागा.

टेंपरिंगसाठी, म्हणजे पाणी दिलेल्या पात्याचा ठिसूळपणा कमी करायला ते पुन्हा मंद तापवण्यासाठी, वेगळा ओव्हन हवा. मोठी भट्टी ८२५ वरून २०० वर यायला तासन्‌तास लावते आणि पाणी दिलेलं पातं तेवढा वेळ तसंच ठेवलं तर तडकू शकतं. घरगुती ओटीजी चालतो, पण त्याचं तापमान खूप हेलकावतं. आत जाड फरशी किंवा वाळूचा ट्रे ठेवा आणि पात्याशेजारी स्वतःचा थर्मोकपल लावा. ईएन ३१ ला १८० ते २०० अंशांत दोन-दोन तास, दोन वेळा.

तेलाची टाकी उभी, झाकणाची, १२-१५ लिटरची. क्वेंचिंगचं खास तेल घ्या. जळकं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर बंद गाळ्यात विषासमान. तेल ५० ते ६० अंशांवर आणून वापरा. थंड तेल घट्ट असतं आणि हळू काम करतं. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की दमटपणाचं पाणी तेलात उतरतं आणि तळाशी बसतं. तसं तेल गरम करताना तळाचं पाणी उकळून तेल फसफसत बाहेर येतं. टाकीला तळाशी ड्रेन कॉक ठेवा आणि जूननंतर दर आठवड्याला थोडं तेल काढून बघा. आग लागली तर झाकण, पाणी कदापि नाही. शेजारी ड्राय पावडरचा सिलिंडर हवाच.

डी२ पोलाद, ज्याला आपल्या बाजारात एचसीएचसीआर म्हणतात, त्याला तेल लागत नाही. १०१० ते १०३० अंशांवर स्टेनलेस फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचं आणि बाहेर काढून इंचभर जाड अॅल्युमिनियमच्या दोन प्लेटांत दाबायचं. फॉइलच्या कडा दोनदा दुमडा आणि आत कागदाचा कपटा टाका, तो उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतो. हे काम बाहेरच्या व्हॅक्यूम हीट ट्रीटमेंटवाल्यांकडूनही होतं. त्यांना एकच गोष्ट लेखी द्या: टेंपरिंग २०० अंशांच्या आसपास, ५०० च्या वर नाही. त्यांच्याकडे डी२ मुख्यतः डायसाठी येतं, न सांगता दिलं तर डायच्या हिशेबाने होऊन येतं.

ज्या यंत्राला सगळे चैन समजतात ते पोलादाचा कडकपणा मोजणारं रॉकवेल हार्डनेस टेस्टर माझ्या मते पॉवर हॅमरच्या कितीतरी आधी यावं. मिरज-जयसिंगपूर भागात ही यंत्रं बनतात, जुनीही मिळतात. सी स्केलला १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू आणि १५० किलोचा भार. सोबत प्रमाणित ब्लॉक घ्या आणि रोज पहिली चाचणी ब्लॉकवर. पात्याची खालची बाजू सपाट नसेल किंवा वर डीकार्बचा, म्हणजे कार्बन जळून गेलेला मऊ थर असेल तर आकडा खोटा येतो. शेपटावर, घासून चकचकीत केलेल्या जागी तपासा. स्वयंपाकाच्या सुरीला ६० ते ६१, ट्रेकच्या चाकूला ५७ ते ५९ धरून चला. टेस्टर येईपर्यंत ४० ते ६५ एचआरसीच्या (रॉकवेल सी स्केलच्या) कानशींचा संच काम भागवतो. अंदाजच तो, पण ‘कानस घसरली, म्हणजे झालं’ यापेक्षा बरा.

पोलाद खेतवाडी-सी. पी. टँककडचे व्यापारी देतात, मोठा माल कळंबोलीला. ईएन ३१ बहुधा गोल बारमध्ये मिळतं, पट्टी हवी तर शोधाशोध करावी लागते. सुरुवातीला ओएचएनएस या तेलात कडक होणाऱ्या पोलादाची पट्टी सोयीची: ७९० ते ८२० अंश, तेलात. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि नव्या लॉटचा तुकडा स्पेक्ट्रोला, म्हणजे घटक मोजणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. हातातल्या एक्स-रे गनने तपासून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. ती गन क्रोमियम, मँगनीज दाखवते, कार्बन नाही, आणि आपल्याला नेमका कार्बनच पाहायचा असतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद फुकट पडतं, पण त्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. त्या पाणी देतानाच उघड्या पडतात.

ठोकायच्या सामानाबद्दल थोडक्यात. पॉवर हॅमर या गाळ्यात आणू नका. त्याला स्वतंत्र फाउंडेशन लागतं, हादरे शेजारच्या तीन गाळ्यांत जातात आणि महिन्याभरात सोसायटीचं पत्र येतं. दमास्कस, म्हणजे थर जोडून केलेलं नक्षीचं पोलाद, करायचंच असेल तर २५ टनी हायड्रॉलिक प्रेस. आवाज कमी, जागा कमी. तिच्या होजवर उष्णतारोधक आवरण हवं, लाल पोलाद होजला लागलं तर दाबाखालचं तेल फवारा होऊन पेटतं. ऐरण ५० किलोच्या वरची, घडीव किंवा कास्ट स्टीलची. २५ मिमीची बेअरिंगची गोळी १० इंचांवरून सोडा. सात इंचांपर्यंत उसळली तर घ्या, तीन-चार इंचांत बसली तर ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे. भंगारातला रेल्वेचा रूळ स्वस्त वाटतो, पण पावतीशिवाय तो जवळ बाळगणं १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली अंगाशी येऊ शकतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. त्यामुळे झरोका खाली हवा, नुसता वरचा एक्झॉस्ट उपयोगाचा नाही. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक.

मुठीसाठी परदेशी मायकार्टा मागवण्याआधी मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात चक्कर मारा. विजेच्या इन्सुलेशनवाल्यांकडे मिळणारं कापडी हायलम हा त्याच जातीचा माल आहे: फिनॉलिक रेझिनमध्ये दाबलेलं कापड. ग्लास इपॉक्सी शीट म्हणजे जी१०. कागदी हायलम घेऊ नका, त्याच्या कडा पाण्याने फुगतात. सांबरशिंगाचा विचारही नको, गळून पडलेल्या शिंगाचा व्यापारसुद्धा वन्यजीव कायद्याने बंद आहे. पिनांसाठी चांगलं ड्रिल मशीन आणि रीमर हवेत. भोकं पाणी देण्याआधीच पाडा, नंतर कार्बाइड ड्रिलशिवाय गत नाही.

धुळीबाबत तडजोड नको. ग्लास इपॉक्सीची धूळ म्हणजे काचेचे तंतू. पी१०० काडतुसांचा रबरी मास्क घ्या, साधा कापडी नाही. ग्राइंडरखाली पाण्याची बादली ठेवा, ठिणग्या तिथेच विझतात. लाकडाचा भुसा आणि पोलादाच्या ठिणग्या एकाच डस्ट कलेक्टरमध्ये खेचू नका. भुशात ठिणगी तासभर धुमसते आणि गाळा बंद करून तुम्ही घरी गेल्यावर पेटते.

वीज आधी मागा. भट्टी साडेतीन, ग्राइंडर दीड, ओटीजी आणि कॉम्प्रेसर मिळून तीन, पंखे-दिवे वेगळे: आठ किलोवॉटच्या पुढे जातं. भांडुपला महावितरण आहे. १० किलोवॉटच्या थ्री फेज लोडचा अर्ज यंत्रांची ऑर्डर द्यायच्या आधी टाका. भट्टीला स्वतंत्र लाइन आणि एमसीबी. अर्थिंग पावसाळ्याआधी मोजून घ्या.

पावसाळ्यात पट्टे दमटपणाने वाकडे होतात आणि जोडावर तुटतात. ते मोठ्या पाइपवर टांगून, बंद कपाटात, ४५ ते ६५ टक्के आर्द्रतेत ठेवा. एक छोटा डीह्युमिडिफायर तेवढं सांभाळतो. त्याच कपाटात तयार पाती ठेवा. ईएन ३१ वर जुलैत एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात. तेलाचा हात फिरवून व्हीसीआय (गंजरोधक) कागदात गुंडाळा. चामड्याच्या म्यानात घालून साठवू नका.

पात्याच्या लांबीचंही बघा. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या वर्गवारीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली त्यातून वगळलेली आहेत. १० इंची शेफ सुरी त्यामुळे या सवलतीत बसते, दुधारी खंजीर बसत नाही. ट्रेकचा चाकू ५ इंचांत ठेवा, कामालाही तोच बरा.

राहिला सीएनसी राउटर. पाती कापायला तो लागत नाही, बाहेर लेझरवर शेकड्याने कापून मिळतात. फक्त कटिंगवाल्याला रेषेबाहेर १ मिमी ठेवायला सांगा, लेझरने कडा कडक होते आणि तेवढी घासून काढावी लागते. त्याच पैशांत ९ इंची डिस्क ग्राइंडर आणि मॅग्नेटिक चकचा छोटा सरफेस ग्राइंडर येतो. बाजारातली पट्टी क्वचितच सपाट असते, आणि सपाट नसलेल्या पट्टीवर मूठ बसवली की सांध्यात केसाएवढी फट राहून पाणी शिरतं.